समोरच्याची वाक्यं खोडून पाहा

दोन माणसं बोलत असलेलं कुठलंही लेखन घ्या आणि त्यातल्या दुसऱ्या माणसाची सगळी वाक्यं पेन्सिलीने खोडा. मग फक्त पहिल्याचं बोलणं सलग वाचा. अर्थामध्ये काही फरक पडला नाही, तर ते व्याख्यान होतं, मधे मधे श्वास घ्यायला जागा ठेवलेलं. आणि पहिल्याचं बोलणं अडखळू लागलं, त्याने मधेच दिशा का बदलली हे कळेनासं झालं, तर तो संवाद होता.

ही कसोटी कथेला लागू पडते, तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला पडते आणि सोसायटीच्या मीटिंगलाही पडते. संवाद म्हणजे दोघांनी आळीपाळीने बोलणं, ही समजूत फार पसरली आहे. माझ्या मते दुसऱ्याच्या बोलण्याने पहिल्याला आपला रस्ता बदलावा लागतो, तेव्हाच संवाद सुरू होतो.

प्लेटोच्या 'मेनो'मध्ये सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमितीचं कोडं घालतो. दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू किती घ्यायची? मुलगा म्हणतो, दुप्पट, म्हणजे चार फूट. पण मग क्षेत्रफळ सोळा होतं. मग तो म्हणतो तीन. तेव्हा नऊ होतं. आठ काही येत नाही. त्यानंतर तो सरळ सांगतो की मला माहीत नाही, आणि तिथून पुढे चौरसाच्या कर्णाकडे, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषेकडे, जायची वाट उघडते. त्या मुलाचं बरंचसं बोलणं 'हो' आणि 'बरोबर' एवढंच आहे, ते खोडलं तरी चालेल. पण 'चार', 'तीन' आणि 'माहीत नाही' ही तीन उत्तरं खोडली की सगळा प्रसंग कोसळतो. चुकीचं उत्तर संवादात किती काम करतं, हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

गीतेकडे आपण पुष्कळदा उपदेश म्हणून पाहतो. पण अर्जुन तिथे मान डोलावत बसलेला नाही. दुसऱ्या अध्यायात एवढं सगळं ऐकून झाल्यावर तिसऱ्याच्या सुरुवातीलाच तो तक्रार करतो: कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ म्हणता, मग मला या घोर कर्मात का ढकलता? तुमचं बोलणं सरमिसळ आहे, एक काय ते नक्की सांगा. चौथ्या अध्यायात तर तो थेट कालगणनेवर बोट ठेवतो. हा योग मी पूर्वी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला, सांगितला असं कृष्ण म्हणतो, तेव्हा अर्जुन विचारतो की तुमचा जन्म अलीकडचा, विवस्वानाचा फार आधीचा, तर हे मी कसं समजून घेऊ? त्याच प्रश्नामुळे पुढे जन्म आणि अवतार यांचं विवेचन येतं. प्रश्न काढला तर ते श्लोक तिथे असायला कारणच उरत नाही.

ज्ञानेश्वरांनी हे नेमकं हेरलं. तिसऱ्या अध्यायातली अर्जुनाची दोन श्लोकांची तक्रार ते ओव्यांमागून ओव्यांत फुलवतात. 'देवा तुवांचि ऐसें बोलावें । तरी आम्हीं नेणतीं काय करावें' असं त्यांचा अर्जुन म्हणतो. पुढे तो वैद्याचा दाखला देतो: वैद्याने पथ्य सांगावं आणि मग स्वतःच विष घालावं, तर रोगी जगायचा कसा? मूळ श्लोकात हा दाखला नाही. टीकाकाराने शिष्याच्या शंकेला गुरूच्या उत्तराइतकंच बळ द्यावं, ही केवढी मोठी गोष्ट! शंका लेची असेल तर उत्तरही लेचंच राहतं, हे ज्ञानेश्वरांना ठाऊक होतं. शिवाय कृष्ण-अर्जुनाच्या बाहेर संजय-धृतराष्ट्र, आणि त्यांच्याही बाहेर ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ आणि समोरचे श्रोते, अशी तीन वर्तुळं ज्ञानेश्वरीत एकाच वेळी चालू असतात. नवव्या अध्यायाच्या तोंडी 'तरी अवधान एकलें दीजे' असं जे मागणं येतं, ते तिसऱ्या वर्तुळातलं.

प्रश्न विचारण्याचं कसब शिकायचं असेल तर बृहदारण्यक उपनिषदातली विदुषी गार्गी वाचावी, तीही दोन्ही वेळची. जनकाच्या यज्ञात हजार गाई उभ्या आहेत, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलेलं. सर्वांत ज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात, असं जनक म्हणतो, आणि याज्ञवल्क्य ऋषी वादाआधीच शिष्याला गाई हाकायला सांगतो. मग एकेक जण त्याला प्रश्न करतो. गार्गी विचारते: हे सगळं पाण्यात ओतप्रोत विणलेलं आहे, मग पाणी कशात? वाऱ्यात. वारा कशात? अंतरिक्षात. अशी दहा उत्तरं होतात, गंधर्वलोक, आदित्य, चंद्र, नक्षत्रं करत करत ब्रह्मलोकापर्यंत. त्याच्याही पुढे ती विचारते, तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतो की अतिप्रश्न करू नकोस, मस्तक गळून पडेल. ती गप्प बसते.

इथे थांबून 'तिला गप्प केलं' एवढंच पुष्कळ जण सांगतात. पण ती परत येते. मधे उद्दालक आरुणीचा प्रश्न होऊन जातो. मग ती सभेची परवानगी मागून म्हणते की मी दोनच प्रश्न विचारीन, काशीच्या किंवा विदेहाच्या वीराने धनुष्याला दोन बाण लावून उभं राहावं तशी मी उभी आहे. पहिला प्रश्न: द्युलोकाच्या वर, पृथ्वीच्या खाली, दोहोंच्या मधे जे आहे, आणि भूत-वर्तमान-भविष्य ज्याला म्हणतात, ते सगळं कशात विणलं आहे? उत्तर मिळतं, आकाशात. दुसरा प्रश्न: मग आकाश कशात? आणि आता याज्ञवल्क्याला अक्षरतत्त्वाचं, म्हणजे कधीच नाश न पावणाऱ्या तत्त्वाचं, विवेचन करावंच लागतं.

विषय तोच, विणण्याची भाषाही तीच. बदलली ती मांडणी. पहिल्या वेळी दहा पायऱ्यांची शिडी होती आणि प्रत्येक पायरीला 'आणि त्यापुढे?' हा एकच प्रश्न. अशा शिडीला शेवट नसतो, म्हणून उत्तर देणाऱ्याला ती कुठेतरी तोडावीच लागते. दुसऱ्या वेळी तिने सगळा पसारा एका प्रश्नात गोळा केला आणि शेवटचं एकच पाऊल शिल्लक ठेवलं. किती प्रश्न ते आधी सांगितलं, सभेची संमती घेतली. सतत 'पण का?' विचारणाऱ्याला लोक टाळतात, आणि 'माझे दोन मुद्दे आहेत' म्हणणाऱ्याला ऐकून घेतात.

मराठी गद्याचा तर पायाच संवादाचा आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ऋद्धिपुरात लीळाचरित्र सिद्ध केलं, ते महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून, आठवणी गोळा करून. कुणी काय पुसलं, सर्वज्ञ, म्हणजे चक्रधर, काय म्हणाले, त्यावर कोण काय बोललं, असा तो ऐवज आहे. त्यांची शिष्या महदाइसा त्यात सतत विचारत असते, आणि चक्रधर तिच्या या चर्चक, जिज्ञासू स्वभावाचं कौतुक करतात. पुढे याच पंथातल्या केसोबासांनी याच सामग्रीतून चक्रधरांची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ रचला. म्हणजे आपली पेन्सिलीची कसोटी महानुभावांनी सातशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षच करून ठेवली आहे! सूत्रं पाठांतराला उत्तम झाली. पण प्रसंग आणि प्रश्न सुटल्यावर कित्येक सूत्रांचा रोख कळेना, तेव्हा कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारलं हे सांगणारं 'प्रकरणवश' पंथात लागलंच. आज कुणा थोर माणसाचं एखादं वाक्य चित्रावर छापून फिरवलं जातं तेव्हा हे जरूर आठवावं. ते वाक्य कोणत्या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं, हे शोधल्याशिवाय त्यावर मत बनवू नये.

आता कसोटी जिथे अपुरी पडते तेही सांगायला हवं. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' (१८७३) जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादात लिहिलेलं आहे. धोंडिबाचे पुष्कळ प्रश्न पुढचा विषय काढून देण्यापुरते आहेत, ते खोडले तरी जोतीरावांची मांडणी उभी राहते. माझ्या कसोटीने हा संवाद कच्चा ठरेल. पण ज्या समाजात शूद्राने ग्रंथाबद्दल विचारायचंच नव्हतं, तिथे धोंडिबा अवतारांच्या कथांवर 'हे कसं?' विचारतो आणि पानापानावर त्याला उत्तर मिळतं, हेच मोठं काम आहे. वाचणाऱ्याला, किंवा दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याला, पुस्तकात स्वतःची जागा दिसते. त्याआधी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात त्यांनी जोशी आणि कुणबी कुटुंब यांच्या मधे विदूषक घातला, आणि तो ऐन मोक्यावर तोंड घालून जोशाचं बोलणं उघडं पाडतो. संवादात तिसरा माणूस काय करू शकतो याचा तो नमुनाच आहे.

एकनाथांचा हिंदू-तुर्क संवादही या रांगेत हवा. पैठणच्या या ब्राह्मण संताने तुर्काच्या तोंडी दिलेले आक्षेप मिळमिळीत नाहीत. तो देवांच्या कथांवर, सोवळ्याओवळ्यावर खरमरीत बोलतो, आणि हिंदूही त्याला तसंच उत्तर देतो. शेवटी दोघं एकमेकांना मान देतात, मिठी मारतात. आक्षेप खरे होते म्हणूनच ती मिठी पटते.

आता रोजच्या व्यवहाराकडे. आपल्याकडे वाद कसा घालावा याचं शास्त्र फार बारकाईने लिहून ठेवलं आहे, आणि ते शाळेत शिकवलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. न्यायसूत्रं, म्हणजे न्यायदर्शन या तर्कशास्त्राचा मूळ ग्रंथ, चर्चेचे तीन प्रकार करतात. वाद म्हणजे दोन्ही पक्ष मांडून, प्रमाण आणि तर्काने, खरं काय ते शोधणं. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी बोलणं, ज्यात शब्दच्छल वगैरे चालतं. वितंडा म्हणजे स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचा फक्त पाडणं. गंमत म्हणजे जल्प आणि वितंडा यांना सूत्रकार सरसकट टाकाऊ म्हणत नाहीत. कोवळ्या रोपाला जसं काट्यांचं कुंपण घालतात, तसं हाती आलेल्या ज्ञानाच्या राखणीसाठी ते वापरावेत, असं ते म्हणतात. फक्त कुंपणालाच पीक समजू नये.

यापुढे निग्रहस्थानं येतात, म्हणजे जिथे वादी हरला असं मानायचं त्या जागा. ती बावीस आहेत. सगळी सांगत नाही, घरात आणि मीटिंगमध्ये रोज भेटणारी सांगतो.

अननुभाषण: समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी ते तुम्हाला परत उच्चारून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. याचीच दुसरी बाजू अविज्ञातार्थ: तुम्ही तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळलं नाही, तर दोष तुमचा. बोलणाऱ्याला तीन संधी आणि ऐकणाऱ्यालाही तीन, हा हिशोब मला विलक्षण न्याय्य वाटतो. व्यवहारात एवढंच करा: उत्तर द्यायच्या आधी 'म्हणजे तुमचं म्हणणं असं की...' असं म्हणून समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात सांगा आणि तो 'हो' म्हणेपर्यंत थांबा. निम्मी भांडणं इथेच विरतात, कारण तो 'नाही, तसं नाही' म्हणतो आणि कळतं की आपण भलत्याच गोष्टीवर तापलो होतो.

मतानुज्ञा: आपल्यावरचा दोष न खोडता 'तुम्ही तरी काय करता?' म्हणणं. शास्त्र सांगतं की असं म्हणताना तुम्ही आपला दोष कबूलच करून बसता. 'तू उशिरा आलास' याला 'तू परवा उशिरा आली नव्हतीस का?' हे उत्तर म्हणजे उशिराची कबुली.

प्रतिज्ञांतर म्हणजे मूळ विधान अडचणीत आल्यावर ते बदलून घेणं. प्रतिज्ञासंन्यास म्हणजे 'मी असं म्हटलंच नव्हतं'. हेत्वंतर म्हणजे दिलेलं कारण पडल्यावर गुपचूप दुसरं पुढे करणं. आणि विक्षेप म्हणजे काहीतरी काम काढून चर्चा मोडणं, 'मला आत्ता वेळ नाही, महत्त्वाचा फोन आहे'. दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे शास्त्र, आणि ओळखायला क्षणही लागत नाही.

मांडणीसाठी न्यायाचे पाच अवयव आहेत. सोसायटीचंच उदाहरण घेऊ. प्रतिज्ञा: गच्चीचं वॉटरप्रूफिंग यंदा पावसाआधी करायला हवं. हेतू: कारण वरच्या मजल्याच्या छताला ओल धरली आहे. उदाहरण: जिथे जिथे अशी ओल तशीच ठेवली तिथे सळ्या गंजून प्लास्टर पडलं, शेजारच्या विंगचा जिना पाहा. उपनय: आपल्याही छताला तशीच ओल आहे. निगमन: म्हणून यंदाच करू. बहुतेक मीटिंगमध्ये प्रतिज्ञा आणि हेतू यांचीच रस्सीखेच चालते. उदाहरण कुणी देत नाही, आणि निगमन कुणी उच्चारत नाही. मग पुढच्या महिन्यात सगळं पहिल्यापासून! चर्चा संपताना जे ठरलं ते एकाने मोठ्याने म्हणावं आणि सेक्रेटरीने तिथेच लिहून घ्यावं.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या विमानस्थान या विभागाचा आठवा अध्याय तर वैद्यांसाठी आहे. वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, असं सांगून तो चर्चेचे दोन भाग पाडतो: संधायसंभाषा, म्हणजे मैत्रीने, आणि विगृह्यसंभाषा, म्हणजे विरोधाने. मैत्रीच्या चर्चेत निःशंक बोलावं, निःशंक विचारावं, हरण्याची धास्ती धरू नये, जिंकल्याचा आनंद मिरवू नये, माहीत नसलेलं सांगत सुटू नये. विरोधाच्या चर्चेत आधी समोरचा आपल्याहून वरचढ, बरोबरीचा की कमी, हे पाहावं, आणि मग सभा पाहावी. सभा जाणकार असते किंवा अजाण, आणि आपल्याला अनुकूल, तटस्थ किंवा आधीच विरोधात ठाम. जी विरोधात ठरवूनच बसली आहे तिच्यापुढे वाद करूच नये, हा चरकाचा सल्ला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटलेलं भांडण बघा. दोघं जण बोलतात, चाळीस जण वाचतात, आणि त्या चाळिसांमुळे कुणालाच माघार घेता येत नाही. तिथे लिहिणं थांबवून त्या एका माणसाला फोन करावा. सभा हटली की जल्पाचा वाद व्हायला जागा होते.

चरकाने माणसाचा स्वभाव ओळखणारी एक गोष्टही टिपली आहे. जे ज्ञान गुरू प्रसन्न होऊन शिष्याला हळूहळू, राखून ठेवत देतो, तेच ज्ञान जिंकायच्या भरात माणूस वादात एकरकमी बोलून टाकतो. वादाचा हाही फायदा म्हणून तो सांगतो.

सत्ता मधे आली की काय होतं, ते 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथात आहे. यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला चर्चेला बोलावतो, तेव्हा नागसेन आधी अट घालतो: पंडितांसारखं बोलणार असशील तर बोलतो, राजांसारखं असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत गाठी बांधल्या-सोडल्या जातात, चूक दाखवली जाते, मान्य होते, आणि कुणी रागावत नाही. राजे एक विधान करतात आणि जो विरोध करील त्याला दंड ठोठावतात. मिलिंद अट मान्य करतो: भिक्षूशी, उपासकाशी, आरामातल्या सेवकाशी बोलता तसं मोकळं बोला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेलं कॉलेज मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर नागसेनवन. विचारणाऱ्याचं आणि उत्तर देणाऱ्याचं, दोघांचंही नाव तिथे आहे. ऑफिसात साहेब म्हणतो 'मोकळेपणाने सांगा', घरात वडील म्हणतात 'बोल, तुझं काय म्हणणं आहे'. हे खरं व्हायचं तर दंड होणार नाही हे आधी वरच्याने सांगावं लागतं, आणि पहिला विरोध ऐकल्यावर तसं वागून दाखवावं लागतं.

शेवटी कथा-नाटक लिहिणाऱ्यांसाठी थोडं. नवशिक्यांच्या संवादात पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत बसतात: 'दादा, आपले बाबा दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून आई तुझ्याकडे नाशिकला असते ना?' असं कुणी बोलत नाही. 'आई झोपली?' 'औषध घेतलं नाही अजून.' 'तू सांगितलंस की वहिनीने?' या तीन ओळींत घर, तक्रार आणि कोण कोणाकडे बोट दाखवतंय ते सगळं येतं. तिसऱ्या ओळीत दुसरीचं उत्तर नाही, नवा प्रश्न आहे. सरळ उत्तर टाळलं की पात्राच्या मनात काहीतरी आहे हे वाचकाला कळतं.

मराठी लेखकाच्या हातात यासाठी फार बारीक हत्यारं आहेत. क्रियापदातच लिंग असतं, 'निघते' आणि 'निघतो', त्यामुळे बाई आणि पुरुष बोलत असतील तर दर ओळीला 'ती म्हणाली' लिहायची गरज नाही. कोल्हापूर-सांगलीकडे मात्र बायकाही 'मी येतो' म्हणतात, तिथली पात्रं असतील तर नाव घालावं लागेल. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतून नातं दिसतं, आणि भांडण चालू असताना कुणी 'तू'वरून 'तुम्ही'वर गेलं, तर तो कथेतला प्रसंगच असतो, वेगळं वर्णन नको. 'ना', 'की', 'बरं', 'हं' हे शब्द प्रत्येक पात्राला वेगळे द्या. एक पात्र प्रत्येक वाक्य 'ना'ने संपवत असेल तर दुसऱ्याने तसं करू नये. लिहून झालं की दोन माणसांना दोन पात्रं वाटून मोठ्याने वाचायला सांगा, पात्रांची नावं झाकून. 'हे कोण म्हणतंय?' असं जिथे विचारतील तिथे नाव घाला, आणि बाकी सगळीकडचं काढून टाका.